खानदेशातील नैसर्गिक आपत्ती आणि कृषिकुटुंब : एक ऐतिहासिक विवेचन

खानदेशचा इतिहास सामान्यतः राजसत्तांच्या पालटाने विभागला जातो. फारुकी सुलतान, मोगल सुभेदार, पेशवे व होळकर आणि १८१८ नंतर इंग्रज अशी ती परिचित मांडणी होय. खेड्यातील शेतकरी कुटुंबाची कालगणना मात्र निराळी असते. तेथे जन्म, लग्न व वाटण्या यांची साल सांगताना महापुराचे साल, टोळधाडीचे साल, छप्पनचा दुष्काळ, बहात्तरचा दुष्काळ अशा खुणांचा आधार घेतला जातो. या कालगणनेस इतिहासाच्या दृष्टीने महत्त्व आहे. कारण घरात बैल किती राहिले, जमीन कोणाच्या नावे गेली, कोणी गाव सोडले, या गोष्टी पुष्कळदा राज्य बदलल्याने नव्हे, तर पाऊस न पडल्याने किंवा नदी पात्राबाहेर आल्याने ठरल्या आहेत.

तथापि, एवढ्यावरून निसर्ग हाच या इतिहासाचा एकमेव सूत्रधार होय असे म्हणणे युक्त नाही. एकाच तालुक्यात, एकाच वर्षी, सारखाच पाऊस चुकला असता एक कुटुंब कडबा विकत घेऊन निभावते आणि दुसरे बैल विकून पुढील वर्षी सालदार होते. पावसाची तूट उभयतांस समान असूनही परिणाम भिन्न का होतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. त्यासाठी आजच्या जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत मोडणाऱ्या खानदेशातील सुमारे दोनशे वर्षांच्या घटनांचा येथे विचार केला आहे. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. हेच दोन जिल्हे पुढे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले आणि १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. या विवेचनात पूर्व व पश्चिम खानदेश ही जुनी नावे सोयीसाठी वापरली आहेत.

१. भूमी, नद्या आणि पाऊस

उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा व अजिंठ्याचे डोंगर आणि पश्चिमेस सह्याद्रीचे फाटे यांच्यामध्ये तापीचे लांबट खोरे पसरले आहे. सह्याद्रीच्या आडोशामुळे पश्चिमेकडून येणारा पाऊस धुळे व शिंदखेडा या भागांत पोचेपर्यंत क्षीण होतो. तेथील वार्षिक सरासरी पाचशे ते सहाशे मिलिमीटरच्या घरात आहे. जळगावकडे ती सातशेच्या आसपास जाते. सरासरीचे आकडे मात्र शेतकऱ्याच्या फारसे उपयोगाचे नसतात. मृगात पेरणीपुरते पडून पुढे महिनाभर उघडीप दिली, किंवा कणसात दाणा भरताना पाऊस लागून राहिला, तर वर्षाची बेरीज पूर्ण होऊनही खळे रितेच राहते.

दुसरी गोष्ट नद्यांची. तापी ही खानदेशची सर्वांत मोठी नदी असली तरी जुन्या काळी सिंचनाच्या कामी तिचा उपयोग सर्वांत कमी झाला. तिचे पात्र खोल असून काठ उंच व उभे आहेत. बांध घालून पाणी शेतात चढविणे जुन्या साधनांनी शक्य नव्हते. उलट पावसाचे पाणी या काठांवरून खाली धावताना घळी पाडीत जाते व दरसाल थोडीथोडी काळी जमीन तोडून नेते. या हानीची नोंद कोणत्याही एका वर्षाच्या नावावर होत नाही, म्हणून ती आपत्तींच्या यादीत क्वचितच दिसते; परंतु तीन पिढ्यांच्या वाटण्यांत शेताची हद्द आत सरकल्याचे आढळते तेव्हा तिचे माप कळते. सिंचनाचा खरा भार वाहिला तो दक्षिणेकडून व पश्चिमेकडून येणाऱ्या पांझरा, गिरणा यांसारख्या लहान नद्यांनी.

याच नद्या पुरालाही कारण झाल्या. १८२२ च्या तापीच्या महापुरात सुमारे ६५ गावे पूर्णपणे व ५० गावे अंशतः वाहून गेल्याची नोंद जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात सापडते. सप्टेंबर १८७२ मध्ये पांझरा व गिरणा यांस एकाच वेळी पूर आला. त्यात धुळे शहरातील सुमारे ५०० घरे गेली आणि दीडशेहून अधिक गावांना झळ पोचली. पूर ओसरल्यावर गाळ मिळतो व तो पुढील पिकास उपकारक ठरतो, हे खरे. परंतु ज्याच्या पेवातील धान्य भिजले व ज्याचे बैल दावणीलाच बुडाले, त्यास त्या गाळाचा लाभ घेण्याचे सामर्थ्य उरत नाही. आपत्तीची हानी तात्काळ भोगावी लागते, तिचे लाभ मात्र ज्याच्याजवळ काही शिल्लक उरले त्यालाच पुढे मिळतात. हा नियम यापुढील बहुतेक प्रसंगांत प्रत्ययास येतो.

२. १८०३ : मनुष्यकृत दुष्काळ

आपत्ती केवळ आकाशातून येत नाही, याचे ठळक उदाहरण म्हणजे १८०३-०४ चा दुष्काळ. त्यापूर्वी होळकरांच्या सैन्याच्या हालचालींनी खानदेश उद्ध्वस्त झाला होता. उभी पिके जनावरांना चारली गेली, साठे लुटले गेले, बैल ओढून नेण्यात आले. अशा स्थितीत पावसाने थोडीशी ओढ दिली तरी शेतकऱ्याजवळ तोंड देण्यास काही राहत नाही. पुढील पंधरा वर्षे पेंढारी व इतर टोळ्यांच्या उपद्रवामुळे पुनर्वसाहत होऊ शकली नाही.

याचा परिणाम भूमीवरही झाला. शेते पडीक पडली, झुडुपे माजली आणि रानटी जनावरे वस्तीपर्यंत आली. १८२२ या एका वर्षात हिंस्र श्वापदांनी सुमारे ५०० माणसे व २०,००० गुरे मारल्याचा उल्लेख गॅझेटियरात आहे. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांच्या कारकिर्दीपासून इंग्रजी अंमलदारांना लागवड वाढविण्याच्या कामी वाघांचा बंदोबस्त हा महसुली प्रश्नाइतकाच महत्त्वाचा वाटला, यात आश्चर्य नाही. वाघ हे शेती ओस पडण्याचे कारण नव्हते, ओस पडलेल्या शेतीचे ते फळ होते. परंतु एकदा ते आल्यावर, परतून येणाऱ्या कुटुंबाला ते नव्या आपत्तीसारखे भोगावे लागले. एका संकटाने दुसऱ्यास वाट करून द्यावी, ही साखळी येथे प्रथम स्पष्ट दिसते.

३. फड : संकटाची वाटणी

या पार्श्वभूमीवर पांझरा खोऱ्यातील फडपद्धतीचे महत्त्व लक्षात येते. पांझरा, मोसम व आरम या नद्यांवरील बंधारे कित्येक शतकांचे जुने असून त्यांची परंपरा फारुकी काळापर्यंत नेली जाते. नदीत दगडी बंधारा घालून पाटाने पाणी काढावयाचे व ओलिताखालील शिवाराचे सामान्यतः तीन-चार मोठे भाग करावयाचे. या भागांस फड म्हणतात. एका फडात एका वर्षी एकच पीक घेतले जाई. ऊस, दुसरे हंगामी पीक, भुसार व पडीक असा फेर वर्षानुवर्षे फिरत राही. व्यवस्थेवर गावच्या पंचांची देखरेख असे. पाणी सोडणारा पाटकरी, त्यावरील हवालदार व पिकाची राखण करणारा जागल्या यांना मोबदला पिकाच्या रूपाने मिळे. पाट साफ करणे व पुराने तुटलेला बंधारा दुरुस्त करणे ही सर्व खातेदारांची सामाईक जबाबदारी मानली जाई.

सिंचनशास्त्राच्या दृष्टीने या पद्धतीचे गुण पुष्कळांनी वर्णिले आहेत. आपत्तीच्या इतिहासात तिचे वैशिष्ट्य दुसऱ्या ठिकाणी आहे. बहुतेक खातेदारांची जमीन एकाहून अधिक फडांत विखुरलेली असे. ज्या वर्षी नदीला पाणी कमी, त्या वर्षी कोणते फड भिजवावयाचे व कोणते सोडावयाचे हे पंच ठरवीत. फड सुटला म्हणजे त्यातील सर्वांचेच तुकडे कोरडे राहत आणि भिजणाऱ्या फडात सर्वांचेच तुकडे भिजत. त्यामुळे तूट एका कुटुंबाच्या दारात येऊन थांबत नसे, ती खात्यांच्या प्रमाणात सर्वांमध्ये विभागली जाई. पाण्याच्या शेवटी असलेल्या शेतकऱ्याचे पीक वाळावे व मुखाशी असलेल्याचा ऊस तरारावा, असे दृश्य या रचनेत सहसा उद्भवत नसे.

तरुण वयात सरकारी अभियंता म्हणून मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांची १८८४ च्या सुमारास या भागात नेमणूक झाली होती आणि धुळ्याजवळ दातर्ती येथे पाण्याच्या वाटेवर नळाचा सायफन बांधण्याचे काम त्यांनी पार पाडले. पुढे दख्खनच्या कालव्यांसाठी त्यांनी सुचविलेली ब्लॉक पद्धती, म्हणजे ठरावीक क्षेत्रात पिकांचा ठरावीक फेर व पाण्याची निश्चित हमी, हिचे फडाशी असलेले साम्य लक्षणीय आहे.

फडाचे गुणगान करताना त्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. फडाबाहेर जिराईत जमिनीचे विस्तीर्ण क्षेत्र होते व त्यास या व्यवस्थेचे संरक्षण नव्हते. फडात ज्याची जमीनच नाही असा मजूर तुटीच्या वाटणीत मोजला जात नसे. फड पडीक राहिला म्हणजे त्याची रोजी जाई व त्याचा हिशोब पंचांपुढे येत नसे. समतेचे वर्तुळ खातेदारांपुरतेच होते.

४. सारा, कापूस आणि कर्ज

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर आपत्ती भोगण्याच्या रीतीत मूलभूत बदल झाला. रयतवारी मोजणीने प्रत्येक शेताचा सारा रोख रकमेत व तीस वर्षांच्या मुदतीने ठरविला जाऊ लागला. आकारणीत नियमितपणा आला व मनमानीस आळा बसला, हा तिचा लाभ होय. परंतु पीक दरसाल बदलते आणि सारा बदलत नाही, या विसंगतीचा भार कुटुंबावर पडला. १८५२ च्या अखेरीस सावदा परिसरातील शेतकऱ्यांनी मोजणीला उघड विरोध केला व तो लष्कर आणून मोडावा लागला. दख्खनमधील १८७५ च्या प्रसिद्ध दंग्यांपूर्वी तेवीस वर्षे घडलेली ही घटना इतिहासग्रंथांत उपेक्षित राहिली आहे.

दुसरा बदल कापसाचा. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात कापसाचे भाव चढले. त्याच दशकात रेल्वे भुसावळपर्यंत व तेथून नागपूरकडे गेली. कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटच्या बियाण्याचा प्रसार केला. ज्वारी, बाजरी व कडधान्ये यांच्या मिश्र पेऱ्यातून जमीन निघून कपाशीखाली जाऊ लागली. ज्वारीचे पीक अर्धे बुडाले तरी उरलेला दाणा घरात व कडबा गोठ्यात राहतो. कपाशीचे पीक अर्धे बुडाले तर हाती येणाऱ्या रोखीतून आधी सारा, मग सावकार, आणि उरलेच तर धान्य, असा क्रम लागतो. शिवाय भाव पडला तर पाऊस चांगला होऊनही कुटुंब अडचणीत येते. म्हणजे पावसाच्या अनिश्चिततेत बाजाराच्या अनिश्चिततेची भर पडली, आणि पूर्वी पेवात असलेली दुष्काळाची तजवीज आता सावकाराच्या वहीत गेली.

कर्जाविषयी सरकार अगदीच उदासीन होते असे नाही. १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. खानदेशच्या शेतकऱ्यास त्याचा लाभ त्या वेळी मिळाला नाही. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी विहिरी, बैल व बियाणे यांसाठी तगाई देण्याची सोय झाली. तथापि तगाईस जमिनीचे तारण लागे. ज्याची जमीन आधीच गहाण होती त्यास, म्हणजे ज्यास गरज सर्वाधिक त्यास, ती मिळणे सर्वांत कठीण होते.

५. छप्पनचा दुष्काळ

१८७६-७७ च्या महादुष्काळात दख्खनच्या तुलनेने खानदेशची हानी कमी झाली. त्यामुळे हा प्रांत दुष्काळापासून बराचसा सुरक्षित आहे असा समज रूढ झाला होता. १८९६-९७ च्या टंचाईने तो डळमळीत केला व १८९९-१९०० च्या, म्हणजे संवत १९५६ च्या दुष्काळाने पुरता मोडला. १८९९ चा पावसाळा जवळजवळ कोरडा गेला. या दुष्काळाचे वैशिष्ट्य असे की, रेल्वेमुळे धान्य दुसऱ्या प्रांतातून आणता येत होते, परंतु चारा त्या प्रमाणात आणता येत नव्हता. गुजरात व खानदेश या दोन्ही प्रदेशांत गुरांची हानी म्हणूनच भयंकर झाली.

या हानीचा अर्थ कुटुंबाच्या पातळीवर समजून घेणे आवश्यक आहे. संकटात घर वस्तू सोडते ती एका क्रमाने. प्रथम खाणे कमी होते, आणि ते घरातील स्त्रियांचे आधी होते. नंतर भांडी व दागिने जातात, त्यानंतर दुभते जनावर, मग बैल व शेवटी जमीन. बैल हा या क्रमातील निर्णायक टप्पा आहे. तोपर्यंत कुटुंब गरीब झालेले असते, पण शेतकरी असते. बैल गेल्यावर पुढील मृगात पाऊस उत्तम झाला तरी वखर व पाभर ओढणार कोण? १९०० चा पावसाळा आल्यावर पुष्कळ शेतकऱ्यांपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहिला. पाऊस परतला, तरी दुष्काळ संपला नाही.

पश्चिम खानदेशातील भिल्ल कुटुंबांची स्थिती याहून बिकट होती. मोहाची फुले, कंदमुळे, डिंक व गवत यांनी युक्त असे जंगल हा त्यांचा परंपरागत दुष्काळी कोठार होता. राखीव जंगलाच्या नियमांनी त्या कोठाराची दारे आकुंचित केली. सपाटीवरील त्यांच्या जमिनी गहाणवट व खरेदीखतांच्या मार्गाने हळूहळू इतरांकडे गेल्या. १९०१ च्या जनगणनेत खानदेशची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा वाढण्याऐवजी घटलेली दिसते. या घटीत उपासमारीइतकाच वाटा पटकी व तापाचा होता.

६. आणेवारीचा प्रश्न

दुष्काळानंतर साऱ्याच्या तहकुबीचे नियम अधिक स्पष्ट करण्यात आले. पीक चार आण्यांहून अधिक नसेल तर पूर्ण व सहा आण्यांपर्यंत असेल तर अर्धा सारा तहकूब, असे त्यांचे सर्वसाधारण स्वरूप होते. या नियमाने निसर्गाची हानी प्रथमच एका अंकात मांडली गेली आणि वादाचे स्थानही बदलले. आता झगडा पावसाशी नव्हता, अंक ठरविणाऱ्या अधिकाऱ्याशी होता. खेडा जिल्ह्यातील १९१८ चा सत्याग्रह याच अंकावरून उभा राहिला.

खानदेशात या प्रश्नाला संघटित रूप आले ते १९३० नंतरच्या दशकात. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले व तेथे शेतीविषयक कार्यक्रम संमत झाला. १९३८ मध्ये साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक सुरू केले आणि पूर्व खानदेशातील शेतकऱ्यांच्या सारामाफीच्या मागणीस वाचा फोडली. आणेवारीचे पुढे पैसेवारीत रूपांतर झाले व पन्नास पैसे ही मर्यादा ठरली. पद्धतीचा मूळ दोष मात्र टिकून राहिला. ती गावाची सरासरी काढते. एखाद्या गावाची पैसेवारी साठ ठरली, तर त्याच गावात गारपिटीच्या पट्ट्यात सापडलेल्या व सर्वस्व गमावलेल्या कुटुंबाचे नुकसान त्या अंकात विरघळून जाते.

७. विहिरी, केळी आणि नवी असुरक्षितता

विसाव्या शतकात पूर्व खानदेशाने आपत्तीवर निराळा उपाय शोधला. सातपुड्याच्या पायथ्याशी रावेर, यावल, सावदा, फैजपूर या पट्ट्यात डोंगरातून आलेल्या गाळाचे जाड थर असून त्यांत पाणी मुबलक मुरत असे. मोटेवरून तेलाच्या इंजिनावर, त्यावरून विजेच्या पंपावर आणि शेवटी खोल कूपनलिकेवर असे स्थित्यंतर झाले व केळीने हा भाग समृद्ध केला. गिरणा धरण १९६९ मध्ये पूर्ण झाले आणि तापीवरील हतनूर धरण १९८० नंतरच्या दशकाच्या आरंभी उपयोगात आले. पुढे ठिबक सिंचन व ऊतिसंवर्धित रोपे आली. २०१६ साली जळगावच्या केळीस भौगोलिक मानांकनही मिळाले.

केळीमुळे अवर्षणाचे भय कमी झाले, पण इतर भये वाढली. केळीचे पान मोठे व खोड मृदू असते. मे महिन्यातील पंचेचाळीस अंशांच्या वरची उष्णता व वादळी वारे, हिवाळ्यातील दहा अंशांखालची थंडी, अवेळी गारा आणि हरण्या नावाने ओळखला जाणारा विषाणुजन्य रोग, यांपैकी प्रत्येक आपत्ती वर्षभराचे भांडवल काही दिवसांत नष्ट करू शकते. ज्वारीच्या शेतात बियाण्याचा खर्च बुडे. केळीच्या बागेत रोपे, खते, नळ्या व वीज यांवर घेतलेले कर्ज बुडते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने व २०१७ मध्ये कपाशीवर पडलेल्या गुलाबी बोंडअळीने हा अनुभव अनेक घरांस आला.

याहून गंभीर गोष्ट भूजलाची होय. फडाचे पाणी सर्वांच्या डोळ्यांसमोरून वाहत असे व त्याची तूट सर्वांस एकदम दिसे. विहिरीचे पाणी जमिनीखाली सामाईक असूनही वर मात्र ते खाजगी मानले जाते. पातळी खाली गेली की ज्याच्याजवळ भांडवल असेल तो अधिक खोल जातो, आणि शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर पाऊस होऊनही कोरडी पडते. अशा कुटुंबाची आपत्ती हवामानाच्या कोणत्याही नोंदीत सापडत नाही. पांझरा खोऱ्यातील फडही धरणे, उपसा व खाजगी विहिरी यांच्या वाढीबरोबर क्षीण होत गेले.

१९७२ च्या दुष्काळाने हे सारे प्रश्न एकत्र आणले. राज्यभर दुष्काळी कामे निघाली व त्यांवर स्त्रियांची संख्या फार मोठी होती. त्यातूनच रोजगार हमी योजना उभी राहिली व १९७७ च्या कायद्याने तिला आधार मिळाला. त्याच वर्षी, १९७२ मध्ये, शहादा भागात भिल्ल शेतमजूर व सालदार यांची श्रमिक संघटना उदयास आली आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न ऐरणीवर आला. छप्पनच्या दुष्काळात मजुराला खडी फोडण्याचे काम हे सरकारचे औदार्य म्हणून मिळाले होते. आता ते त्याचा हक्क मानले गेले. फडाच्या समतेतून वगळला गेलेला भूमिहीन प्रथमच हिशोबात आला, हे या कायद्याचे ऐतिहासिक महत्त्व होय.

अलीकडील काळात सामूहिक उपायांची काही उदाहरणेही दिसतात. साक्री तालुक्यातील बारीपाडा येथे चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ग्रामस्थांनी १९९० नंतरच्या दशकात जंगल राखण्यास आरंभ केला व त्याबरोबर झरे आणि विहिरींचे पाणी परतले. शिरपूर तालुक्यात नाले खोल व रुंद करून पाणी मुरविण्याचे प्रयोग झाले. दुसऱ्या प्रकारच्या कामांत पाणी साठविण्यावर भर आहे. ते पाणी कोणी व किती उपसावे याचा नियम त्यातून आपोआप निर्माण होत नाही. बारीपाड्यात नियम आधी आले आणि पाणी नंतर आले, हा दोहोंतील भेद दुर्लक्षिण्याजोगा नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, खानदेशात आपत्तीचे स्वरूप त्या त्या काळच्या शेतीने घडविले आहे. मिश्र धान्यशेती, कपाशी व केळी यांच्या आपत्ती एकसारख्या नाहीत. दुसरा असा की, कुटुंबाचा ऱ्हास पाऊस चुकल्याच्या वर्षी निश्चित होत नाही. बैल, बियाणे व पत यांपैकी काय शिल्लक राहिले यावरून तो पुढील वर्षी ठरतो. म्हणून साहाय्याचे मोल त्याच्या रकमेइतकेच त्याच्या वेळेवर अवलंबून असते. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, तूट कोणी सोसावी याचा नियम ज्या समाजाने आधी ठरविला, तेथे निसर्गाचा कोप दारिद्र्यापर्यंत पोचला तरी विनाशापर्यंत क्वचित पोचला. असा नियम जेथे नव्हता, तेथे सुबत्तेच्या वर्षांतही पुढील आपत्तीचे बळी आधीच निश्चित झालेले होते.

पांझरेच्या काठी जुन्या बंधाऱ्यांचे दगड आजही उभे आहेत. त्यांपैकी ज्यांचे पाट गाळाने भरले आहेत ते पुन्हा वाहते करणे स्थापत्याच्या दृष्टीने फार अवघड नाही. कमी पाण्याच्या वर्षी कोणता फड सोडावयाचा हे सर्वांनी एकत्र बसून ठरविणे व ठरलेले पाळणे अधिक अवघड आहे, आणि शेतकरी कुटुंबाचे संरक्षण पूर्वीही त्यावरच अवलंबून होते.